सेडनाला इतक्या लांब कोणी नेऊन ठेवले?

मृगशीर्ष
१४ नोव्हेंबर २००३ च्या रात्री कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत आकाशाच्या एकाच तुकड्याची तीन छायाचित्रे काही वेळाच्या अंतराने घेतली गेली आणि त्यांत एक अंधूक ठिपका किंचित सरकलेला दिसला. मायकेल ब्राऊन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी १५ मार्च २००४ रोजी हा शोध जाहीर केला आणि इन्युइट लोकांच्या समुद्रदेवतेवरून त्याला 'सेडना' हे नाव दिले. पिंड सुमारे हजार किलोमीटर व्यासाचा, लालसर रंगाचा आणि अतिशीत आहे. मात्र मला कुतूहल आहे ते त्याच्या कक्षेचे.

सेडना सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही तो ७६ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर) दूर असतो आणि सर्वांत लांब जातो तेव्हा ९०० हून अधिक. नेपच्यून फक्त ३० एककांवर आहे. लांबट कक्षेचे जे इतर बर्फाळ पिंड आपल्याला माहीत आहेत, त्यांपैकी बहुतेकांना नेपच्यूनने कधी ना कधी धक्का दिलेला असतो आणि असा पिंड कितीही दूर फेकला गेला, तरी प्रत्येक फेरीत नेपच्यूनच्या दाराशी परत येतो, कारण धक्का जिथे बसला तिथून कक्षा सुटत नाही. सेडना मात्र नेपच्यूनकडे फिरकतही नाही. याचा अर्थ फेकणारा जरी नेपच्यून असला, तरी नंतर कोणीतरी दुसऱ्यानेच त्याची कक्षा सूर्यापासून उचलून धरली.

माझे मत असे की, सूर्य जन्मला तेव्हा तो तारकागुच्छात होता आणि त्या काळात जवळून गेलेल्या एखाद्या ताऱ्याने हे काम केले. नेपच्यूनपलीकडे एक न दिसलेला मोठा ग्रह असावा, ही नवव्या ग्रहाची कल्पना आकर्षक असली तरी मला ती अनावश्यक वाटते. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे.

रात्रपाळी
सेडनाचा फेरा सुमारे ११,४०० वर्षांचा असल्याचे वाचले. शनीच्या हिशेबाने साडेसाती फेऱ्याचा चौथा भाग, म्हणजे ही साडेसाती २,८५० वर्षे चालणार. शांत करून घेणाऱ्या गुरुजींच्या किमान शंभर पिढ्यांची सोय झाली.

गणितनिष्ठ
रात्रपाळी, शनीची कक्षा जवळपास वर्तुळाकार असल्यामुळे तिथे चौथा भाग म्हणता येते. सेडनाची उत्केंद्रता (कक्षेचा लांबटपणा) सुमारे ०.८५ आहे, त्यामुळे सूर्याजवळ वेगाने आणि दूर असताना हळू फिरण्याच्या केप्लरच्या दुसऱ्या नियमाला बगल देऊन चालणार नाही. मी आकडेमोड करून पाहिली. सूर्यावरून पाहिले, तर उपसूर्यबिंदूच्या (सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूच्या) आसपासच्या तीन राशी सेडना जेमतेम १३५ वर्षांत ओलांडतो आणि अपसूर्यबिंदूच्या (सर्वांत दूरच्या बिंदूच्या) आसपासच्या तीन राशींत सुमारे ९,९०० वर्षे घालवतो. तेव्हा साडेसाती कोणाच्या वाट्याला किती येईल, हे केवळ राशीवर अवलंबून राहील आणि त्यात भयंकर अन्याय आहे.

हा केवळ विनोद नाही. सेडना आपल्या आयुष्याचा सव्वा टक्क्याहूनही कमी काळ या जवळच्या टप्प्यात असतो आणि नेमका तेव्हाच आपण पाहत होतो. सूर्याकडून तिथे जाणारा आणि तिथून परतणारा प्रकाश, दोन्ही अंतराच्या वर्गाने क्षीण होत असल्यामुळे अंतर दुप्पट झाले की पिंड सोळा पट मंद दिसतो. पालोमारच्या त्या दुर्बिणीच्या दृष्टीने सेडना तेव्हाही काठावरच होता. अशा स्थितीत एक सापडतो, तेव्हा तसे आणखी कित्येक डझन पिंड आपल्या नजरेपलीकडे फिरत आहेत असाच निष्कर्ष निघतो. म्हणून मृगशीर्ष यांचा प्रश्न एका पिंडाचा नसून एका संपूर्ण वसाहतीचा आहे.

वसुधा_के
माझी शंका कदाचित प्राथमिक वाटेल. अकरा हजार वर्षांची कक्षा दोन-चार महिन्यांच्या निरीक्षणावरून कशी काय सांगता येते? आपण तिचा नखाएवढाही भाग पाहिलेला नाही.

सिंहगडरोड
वसुधाताई, शंका प्राथमिक मुळीच नाही. शोध लागला त्या पहिल्या काही दिवसांत फक्त अंतराचा अंदाज बांधता आला होता. इतक्या दूरचा पिंड एका रात्रीत स्वतः सरकलेला जवळजवळ दिसतच नाही. आपली पृथ्वी सरकते म्हणून तो मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हललेला भासतो आणि जितका तो दूर, तितका हा भास लहान. सेडना तासाला पावणेदोन आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) या गतीने सरकत होता, यावरून तो सुमारे ९० एककांवर असल्याचे कळले. कक्षेसाठी मात्र जुनी छायाचित्रे उपयोगी पडली. सेडना पुरेसा तेजस्वी असल्यामुळे, इतर कामांसाठी घेतलेल्या थेट १९९० पर्यंतच्या प्रतिमांमध्ये तो अनामिक ठिपका म्हणून आधीच नोंदला गेलेला सापडला. तेरा-चौदा वर्षांचा कंस हाती आल्यावर उपसूर्यबिंदूचे अंतर भरवशाने सांगता येते. आवर्तनकाल मात्र त्या मानाने ढिला राहतो, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी दहा हजारांपासून बारा हजार वर्षांपर्यंतचे आकडे आढळतात.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला मूळ शोधापेक्षाही रंजक वाटते. ब्राऊन यांच्या संगणकप्रणालीत तासाला दीड आर्कसेकंदापेक्षा हळू सरकणारे सर्व ठिपके आपोआप वगळले जात होते, कारण त्या गतीला खोटे ठिपके फार येत. सेडना या मर्यादेच्या अगदी जवळून आत आल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी मर्यादा खाली आणून जुन्या प्रतिमा पुन्हा चाळल्या. २१ ऑक्टोबर २००३ च्या, म्हणजे सेडनाच्याही आधी घेतलेल्या छायाचित्रांतून ५ जानेवारी २००५ रोजी एरिस बाहेर पडला. प्लूटोपेक्षा २७ टक्के अधिक वस्तुमानाचा हा पिंड सव्वा वर्ष त्यांच्याच संगणकात पडून होता. त्याच्यामुळेच प्रकरण आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २४ ऑगस्ट २००६ च्या प्रागमधील मतदानापर्यंत गेले आणि प्लूटोचे ग्रहपद गेले.

तात्याविंचूरकर
प्लूटोवर अन्याय झाला, हे माझे मत मी प्रत्येक धाग्यावर नोंदवतो, तसे इथेही नोंदवत आहे.

मृगशीर्ष
तात्या, आपली नोंद घेतली. प्लूटोसाठी स्वतंत्र धागा आहे, तिथे आपले यापूर्वीचे सर्व प्रतिसाद सुरक्षित आहेत.

आळेफाटा
आमच्या गावापासून खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप जवळ आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असताना सेडनासारखे पिंड शोधण्यासाठी तिचा उपयोग का करत नाहीत?

सिंहगडरोड
आळेफाटा, त्या तबकड्या मीटरभर तरंगलांबीचे रेडिओ संकेत ऐकण्यासाठी आहेत. स्पंदक तारे, दूरच्या दीर्घिका, हायड्रोजनचे ढग यांच्यासाठी ती दुर्बीण जगात नावाजलेली आहे. सेडनाचे पृष्ठभागाचे तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे त्याच्याकडून त्या तरंगलांबीला येणारा संकेत नगण्य. तो दिसतो तो परावर्तित सूर्यप्रकाशाने, तेव्हा आरशाची दुर्बीण आणि चांगला कॅमेराच हवा.

आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. सेडनाची दृश्यप्रत सुमारे २१, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षा तो साधारण दहा लाख पट मंद आहे. काही मिनिटांचे छायाचित्रण केल्यास तो ठिपका तिथून तत्त्वतः टिपता येईल. तो सध्या वृषभ राशीत आहे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रभर वर असतो, म्हणजे आपल्या पावसाळ्याचाही अडथळा नाही. परंतु आधीच माहीत असलेला ठिपका टिपणे वेगळे आणि अख्खे आकाश चाळून नवा शोधणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी एका वेळी आकाशाचा मोठा पट्टा पाहणारी दुर्बीण लागते. पालोमारची ती ४८ इंची दुर्बीण नेमकी तशी होती.

नर्मदातीर
मूळ प्रश्नाकडे वळतो. मी नवव्या ग्रहाच्या बाजूने बोलणार आहे, कारण मृगशीर्ष यांनी त्याला एका वाक्यात निकालात काढले आहे.

जानेवारी २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिजिन आणि पुन्हा तेच मायकेल ब्राऊन यांनी दाखवून दिले, की अतिदूरच्या सहा पिंडांच्या कक्षा अवकाशात जवळपास एकाच दिशेला लांबलेल्या आहेत आणि त्यांची प्रतलेही एकाच बाजूला कललेली आहेत. सेडना त्या सहांपैकी एक. बाकीचे ग्रह या कक्षांना हळूहळू फिरवत असतात आणि प्रत्येकीची फिरण्याची गती वेगळी असते, त्यामुळे साडेचार अब्ज वर्षांत अशी जुळणी केव्हाच विस्कटून जायला हवी होती. ती टिकून असेल, तर तिला आजही कोणीतरी धरून ठेवत आहे. पृथ्वीच्या पाच ते दहा पट वस्तुमानाचा, शेकडो एकके दूर फिरणारा ग्रह हे काम करू शकतो आणि तोच सेडनासारख्यांचे उपसूर्यबिंदूही वर उचलू शकतो. एका कारणात दोन कोडी सुटतात. केव्हातरी येऊन गेलेला तारा कक्षा उचलेल, पण तिला चार अब्ज वर्षे दिशा धरून ठेवायला लावणार नाही.

१८४६ साली ल व्हेरिए यांनी युरेनसच्या विचलनावरून कागदावर नेपच्यून मांडला आणि २३ सप्टेंबरच्या रात्री बर्लिनमध्ये गॅले यांनी ल व्हेरिए यांच्या जागेपासून एका अंशाच्या आत तो पाहिला. न पाहिलेला ग्रह गणिताने सुचणे ही खगोलशास्त्राची जुनी रीत आहे.

शंकेखोर
नर्मदातीर, त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या विचलनावरून सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रहही मांडला होता. लोकांनी तो पन्नास वर्षे शोधला, काहींनी पाहिल्याचेही सांगितले. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सिद्धांताने बुधाचे विचलन उलगडले आणि व्हल्कनची गरजच संपली.

दुसरे उदाहरण लोवेल यांच्या 'ग्रह क्ष'चे घ्या. युरेनस-नेपच्यूनच्या गतीत उरलेल्या फरकावरून त्यांनी त्याची जागा काढली, त्यांच्याच वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी १८ फेब्रुवारी १९३० रोजी प्लूटो शोधला आणि सर्वांना वाटले की भाकीत खरे ठरले. पुढे प्लूटो इतका हलका निघाला की त्याने नेपच्यूनचे केसही हलले नसते. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वस्तुमान नीट मोजले गेले आणि तो फरकच नाहीसा झाला. म्हणजे कक्षेतील विसंगतीवरून ग्रह मांडण्याच्या या तीन प्रयत्नांत यश एकदाच आले. हे प्रमाण पाहता मी तरी नवव्या ग्रहावर पैज लावणार नाही.

आणि 'सहा पिंड' या आकड्याकडेही पाहावे. सहा नमुन्यांवर आमच्या बँकेत कोणी कर्जाची पॉलिसीसुद्धा ठरवत नाही.

अटाकामा
मी काही वर्षे चिलीमध्ये एका निरीक्षण प्रकल्पाच्या विदेवर (डेटावर) काम केले आहे, त्यामुळे शंकेखोर यांच्या शेवटच्या मुद्द्यात थोडी भर घालतो.

कोणत्या दिशेचे पिंड सापडतात हे आपण कुठे आणि केव्हा पाहतो यावर फार अवलंबून असते. असे पिंड उपसूर्यबिंदूजवळ असतानाच दिसतात, म्हणजे ज्या दिशेला आपण दुर्बीण लावली त्या दिशेचेच उपसूर्यबिंदू आपल्या यादीत जमतात. आकाशगंगेचा पट्टा जिथे ओलांडावा लागतो तिथे तारे इतके दाट असतात की सरकणारा मंद ठिपका वेगळा काढणे जिवावर येते, म्हणून बहुतेक प्रकल्प तो भाग टाळतात. त्यातच विशिष्ट ऋतूत हवा खराब असते, तेव्हाची रात्र वाया जाते आणि आकाशाचा तेवढा भाग रिकामा राहतो. आपण जिथे पाहिलेच नाही तिथे पिंड नाहीत असे नकाशा सांगू लागतो. ज्या प्रकल्पांनी आपण नक्की कुठे, किती खोल पाहिले याचा काटेकोर हिशेब ठेवला, त्यांच्यापैकी काहींना केवळ त्यांच्या विदेत ही जुळणी ठामपणे दिसली नाही. जुळणी नाहीच असे यातून सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ब्राऊन आणि बॅटिजिन यांनी या पूर्वग्रहाचा हिशेब मांडूनही जुळणी उरते असे म्हटले आहे.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेला २०१७ ओएफ२०१ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमधील सिहाओ चेंग आणि सहकाऱ्यांनी तो नवी दुर्बीण न लावता, सर्वांना खुल्या असलेल्या जुन्या प्रतिमांतून शोधला. व्यास सुमारे ७०० किलोमीटर, फेरा सुमारे २५,००० वर्षांचा आणि कक्षा जुळणीच्या बाहेरच्या दिशेची. नर्मदातीर यांच्या बाजूला हा पिंड अडचणीचा आहे.

नर्मदातीर
अडचणीचा आहे, निर्णायक नाही. त्याचा उपसूर्यबिंदू सुमारे ४५ एककांवर आहे, म्हणजे नेपच्यूनचा हात अजून त्याच्यापर्यंत पोहोचतो. तो अलीकडेच या कक्षेत आला असेल, तर जुळणीत नसल्याचे नवल नाही. सेडनाशी त्याची तुलना करताना हा फरक विसरू नये.

कोल्हापूरकर_पुणे
शोल्झचा तारा कोणालाच कसा आठवला नाही? सत्तर हजार वर्षांपूर्वी तो आपल्या सूर्यमालेच्या सीमेतून गेला. मृगशीर्ष यांना हवा असलेला तारा तोच असेल.

गणितनिष्ठ
तो सूर्यापासून सुमारे ०.८ प्रकाशवर्षे, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक खगोलीय एकके दूरून गेला आणि जोडीदारासह त्याचे वस्तुमान सूर्याच्या सहाव्या भागाइतकेच आहे. ऊर्ट मेघाच्या, म्हणजे सूर्यमालेभोवतीच्या बर्फाळ पिंडांच्या दूरस्थ वेढ्याच्या, बाहेरच्या कडेला त्याने थोडी ढवळाढवळ केली असेल, परंतु सेडनाच्या कक्षेला धक्का द्यायचा तर सूर्याएवढ्या ताऱ्याला साधारण हजार एककांच्या आत यावे लागेल. आजच्या विरळ शेजारात असे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. म्हणूनच तारकागुच्छाचा मुद्दा येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातील तेजोमेघाकडे साध्या दुर्बिणीतून पाहिले की नुकतेच जन्मलेले तारे किती खेटून असतात ते दिसते. सूर्यही अशा ठिकाणी जन्मला असेल, तर हजार एककांवरून एखादा तारा जाणे मुळीच अशक्य नाही. आकाशगंगेच्या एकत्रित ओढीचे कारणही काही जण देतात, पण ती हजारो एककांच्या पलीकडेच परिणामकारक ठरते. सेडना त्या मानाने घरातला.

वसुधा_के
तिसरीही एक शक्यता वाचनात आली. सेडना आपला नसून जवळून गेलेल्या ताऱ्याकडून सूर्याने हिसकावून घेतला असेल का?

मृगशीर्ष
होय, ती गंभीरपणे मांडलेली शक्यता आहे. दोन तारे जवळून जाताना एकाच्या कडेचे पिंड दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतात, असे संगणकीय प्रतिरूपांत दिसले आहे. तसे असेल तर सेडना हा दुसऱ्या सूर्याभोवती घडलेला आणि आपल्याला हजार किलोमीटरच्या आकारात उपलब्ध असलेला एकमेव नमुना ठरेल. जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या पृष्ठभागावर इथेनसारखी साधी हायड्रोकार्बन संयुगे ओळखली आहेत, परंतु गोंगगोंग आणि क्वावार या आपल्याकडच्या पिंडांवरही तशीच आढळतात, त्यामुळे रसायनशास्त्रावरून परकेपण सिद्ध होत नाही.

रात्रपाळी
सेडनाला चंद्र असल्याचे पूर्वी वाचले होते. त्याचे पुढे काय झाले?

सिंहगडरोड
सुरुवातीच्या निरीक्षणांवरून तो स्वतःभोवती फिरायला वीस दिवसांहून अधिक घेतो असे वाटले होते. इतका मंद पिंड म्हणजे एखाद्या चंद्राने त्याला आवरले असणार, असा तर्क होता. २००४ मध्ये हबलने पाहिले तर चंद्र दिसला नाही आणि पुढच्या वर्षी अधिक बारकाईच्या मोजणीत फिरण्याचा काळ सुमारे १०.३ तास निघाला. मंदगतीच नव्हती, तेव्हा चंद्राची गरजही उरली नाही.

शंकेखोर
हा माझ्या बाजूने पुरावा म्हणून नोंदवून घ्यावा. चुकीच्या मोजमापावरून गैरहजर गोल मांडण्याचे हे आणखी एक उदाहरण.

आळेफाटा
तिथे यान पाठवले तर सर्व वाद मिटतील. प्लूटोला गेले तसे सेडनाला का नाही?

अटाकामा
सेडना २०७६ च्या सुमारास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेऊन २०३३ किंवा २०४६ मध्ये निघाल्यास साधारण २४-२५ वर्षांत पोहोचता येईल, असे अभ्यास प्रसिद्ध झालेले आहेत. न्यू होरायझन्सला प्लूटो गाठायला साडेनऊ वर्षे लागली, त्या तुलनेत हे अवघड असले तरी आवाक्यातले आहे. तिथून संदेश यायला साडेदहा तास लागतील. मात्र यान गेल्याने आपला वाद मिटणार नाही. पृष्ठभागाचे छायाचित्र कक्षेचा इतिहास सांगत नाही, त्यासाठी सेडनाची भावंडेच अधिक संख्येने सापडायला हवीत.

मृगशीर्ष
या भावंडांविषयीच शेवटचा मुद्दा मांडतो, कारण माझ्या मताला बळ तिथून मिळते. २०१२ व्हीपी११३ हा २०१४ मध्ये जाहीर झाला, लेलेआकूहोनुआ २०१८ मध्ये आणि जपानच्या सुबारू दुर्बिणीतून सापडलेला २०२३ केक्यू१४ जुलै २०२५ मध्ये. सेडनासह हे चौघेच नेपच्यूनच्या पकडीबाहेरचे म्हणून निर्विवादपणे ओळखले जातात. यांतील चौथ्याची कक्षा बाकी तिघांच्या दिशेची नाही, त्यामुळे आजची जुळणी चारांपैकी एकाने मोडली. परंतु त्या संशोधकांनी कक्षा संगणकावर मागे नेल्या, तेव्हा सुमारे ४.२ अब्ज वर्षांपूर्वी चौघांच्याही कक्षा एकमेकींशी बऱ्याच जुळत होत्या, असे दिसले. हे खरे असेल तर घटना एकदाच, सूर्यमालेच्या बालपणी घडली आणि त्यानंतर कक्षा आपापल्या गतीने विखुरल्या. नर्मदातीर यांच्या ग्रहाला आज धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही.

नर्मदातीर
चार पिंडांवरून ४.२ अब्ज वर्षे मागे जाणे मान्य असेल, तर सहा पिंडांवरून ग्रह मांडण्याला हरकत घेण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही, हे शंकेखोर यांनीही लक्षात घ्यावे. शिवाय बालपणी तिथे एखादा ग्रह असून नंतर सूर्यमालेबाहेर फेकला गेला, असेही याच निष्कर्षाचे स्पष्टीकरण होऊ शकते. माझा ग्रह आज नसेल, पण पूर्वी असेल, इतपत मी मागे यायला तयार आहे.

शंकेखोर
आज नसलेला ग्रह शोधून न सापडल्याने तो खोटा ठरत नाही, ही सोय उत्तम आहे.

गणितनिष्ठ
दोघांच्या म्हणण्यांत तपासता येण्याजोगा फरक आहे. ग्रह आजही तिथे असेल, तर नव्याने सापडणाऱ्या दूरस्थ पिंडांच्या कक्षा आजही एका दिशेला झुकलेल्या आढळतील आणि जिथे त्याची ओढ आहे तिथे काही कक्षा अगदी उभ्या कललेल्याही मिळतील. तारा येऊन गेला असेल, तर आजच्या दिशा विखुरलेल्या असतील, परंतु मागे नेल्यावर एकत्र येतील. चारांऐवजी चाळीस पिंड मिळाले की यातले कोणते खरे हे आकडेच सांगतील.

अटाकामा
चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन ती दक्षिणेकडचे आकाश दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा, दहा वर्षे टिपणार आहे. सेडनाएवढा पिंड आजच्या दुप्पट अंतरावर असला तरी तिच्या टप्प्यात येईल. आपण कुठे पाहिले याचा हिशेबही ती पहिल्या रात्रीपासून ठेवणार आहे, त्यामुळे पूर्वग्रहाचा मुद्दा बराच सौम्य होईल. फक्त आकाशगंगेच्या दाट पट्ट्यात तिलाही ठिपके वेगळे करणे जड जाईल आणि नववा ग्रह नेमका तिथेच असेल, तर नर्मदातीर यांना आणखी थांबावे लागेल.

नर्मदातीर
थांबण्याला माझी हरकत नाही. त्या पट्ट्यासाठी वेगळी पद्धत वापरता येते का, म्हणजे परावर्तित प्रकाशाऐवजी ग्रहाची स्वतःची उष्णता अवरक्त प्रतिमांत शोधणे शक्य आहे का, याविषयी आपल्याला माहिती असेल तर कृपया लिहावे.

अटाकामा
शक्य आहे आणि तसे प्रयत्न झालेले आहेत. १९८३ चा आयआरएएस आणि २००६ चा जपानी अकारी या दोन अवरक्त उपग्रहांच्या नोंदींत २३ वर्षांचे अंतर आहे. इतक्या काळात असा ग्रह आकाशात स्पष्ट सरकलेला असेल, म्हणून दोन्ही याद्या ताडून पाहणारा एक शोधनिबंध २०२५ मध्ये आला. त्यात एक जोडी उमेदवार म्हणून निघाली, परंतु ब्राऊन यांनी स्वतः ती आपल्या नवव्या ग्रहाच्या कक्षेशी जुळत नसल्याचे सांगितले. उद्या रात्री त्यावर सविस्तर लिहितो.